गंधर्वनगरीतील घर

गावे ओस पडतात, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नदीने पात्र बदलले, बंदरात गाळ साचला, साथ आली, खाणीतली धातूची शीर आटली, किंवा नुसताच नवा रस्ता चार कोस दुरून गेला, की गाव हळूहळू आपल्या अंगावरची माणसे झटकून टाकते. मागे राहतात त्या भिंती, विहिरी, एखादे देऊळ आणि भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळ. परतून आलेल्या माणसाला निदान हात लावायला काहीतरी असते. जोत्याच्या दगडावर बसून त्याला म्हणता येते, की इथे ओटी होती, इथे माजघर, आणि या कोपऱ्यात चूल. परंतु ज्या गावाला मुळात मातीच नव्हती, ज्याच्या भिंती विजेच्या इशाऱ्यावर उभ्या होत्या आणि ज्याचे आकाश काचेच्या पडद्यामागे होते, त्या गावी परतणाऱ्याने हात कशाला लावावा?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरी, 'ओरिजिन सिस्टिम्स' या संस्थेने 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा एक खेळ रचला आणि २४ सप्टेंबर १९९७ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. खेळ हा शब्द येथे सोयीपुरताच घ्यायचा. त्यात डाव नव्हता, शेवट नव्हता, अमुक गुण मिळाले की जिंकलो असेही नव्हते. महिन्याला सुमारे दहा डॉलर वर्गणी भरायची, टेलिफोनच्या तारेने संगणक जोडायचा आणि ब्रिटानिया नावाच्या देशात एक देह धारण करून राहायचे. त्याच वेळी आणखी हजारो माणसे त्याच देशात वावरत असत. कोणी डोंगरात कुदळ मारीत असे, कोणी मेंढ्यांची लोकर कातरीत असे, कोणी भुयारात राक्षसांशी झुंजत असे, तर कोणी चौकात उभे राहून निव्वळ गप्पा मारीत असे. एखादा खेळाडू संगणक बंद करून झोपी गेला तरी देश चालूच राही. सकाळी परतल्यावर कळे, की रात्री शेजारी कोणी घर बांधले आणि वेशीबाहेर कोण लुटला गेला.

अशा सामाईक कल्पनाविश्वाची सुरुवात त्याहून जुनी होती. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि त्यांच्यानंतर रिचर्ड बार्टल यांनी निव्वळ शब्दांनी रचलेली एक दुनिया संगणकावर उभी केली होती. तिच्यात चित्र नव्हते, 'तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात' अशा धर्तीची वर्णने होती. ब्रिटानियाने त्या शब्दांना रंग, झाडे, पाऊस आणि लोकसंख्या दिली. २००३ सालच्या सुमारास तिच्या वर्गणीदारांची संख्या सुमारे २,५०,००० झाली होती. त्यानंतर ओहोटी लागली. नोव्हेंबर २००४मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आले, आणि नव्या हमरस्त्याने माणसे तिकडे वळली. त्याच वर्षी ओरिजिन ही संस्थाही बंद झाली. देशाचा कारभार हातोहाती फिरत २०१४मध्ये 'ब्रॉडस्वर्ड' नावाच्या छोट्या संस्थेकडे आला. पण देश बुडाला नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो अखंड चालू आहे. २०१८ साली त्याच्या वेशीचे एक दार विनामूल्य उघडण्यात आले. वर्गणी न भरताही कोणाला आत येता येते, हिंडता येते. मात्र फुकट आलेल्याला एक गोष्ट करता येत नाही. त्याला घर बांधता येत नाही.

त्या दाराने आत शिरणारा एक माणूस आता पन्नाशीला टेकला आहे. १९९८ साली तो बावीस वर्षांचा होता, एरी सरोवराच्या काठच्या एका शहरात मालगोदामात काम करीत होता, आणि पाळी संपवून आल्यावर पहाटेपर्यंत ब्रिटानियात राहत होता. २००४ साली त्याला मुलगी झाली. तिच्या रात्रींशी त्याच्या त्या दुसऱ्या रात्रींचा मेळ बसेना, आणि त्याने वर्गणी भरणे थांबवले. त्यात भांडण नव्हते, निरोपही नव्हता. मुलगी आता मोठी होऊन शिकायला दूर गेली आहे. घर शांत झाले आहे. अशा शांततेत माणसे जुनी पत्रे काढून बसतात. त्याने जुना परवलीचा शब्द आठवून पाहिला. तो बरोबर निघाला. दोन दशके ज्याला कोणी हाक मारली नव्हती, तो त्याचा दुसरा देह पडद्यावर जसाच्या तसा उभा राहिला. तोच झगा, तेच नाव, हातात तीच कुदळ. मालकाचे केस मधल्या काळात पांढरे झाले होते, देहाचे झाले नव्हते.

अशा देहाला जगभर 'अवतार' म्हणतात, ही गोष्ट मराठी वाचकाला गंमतीची वाटेल. ब्रिटानियाचे जनक रिचर्ड गॅरियट यांनी या मालिकेतला चौथा खेळ १९८५ साली काढला, तो एकट्याने खेळायचा होता. खेळाडू आपल्या खेळांत चोरी आणि हत्या करूनच जिंकतात, हे त्यांना बोचत होते. म्हणून त्यांनी सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांतून प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, त्याग, नम्रता असे आठ सद्गुण काढले आणि ते अंगी बाणवणाऱ्या नायकाला त्यांनी भारतीय परंपरेतून शब्द दिला, तो 'अवतार'. १९८६च्या सुमारास 'हॅबिटॅट' या दुसऱ्या एका सामाईक खेळाने पडद्यावरच्या प्रत्येक बाहुलीलाच तो शब्द वापरला, आणि पुढे तोच रूढ झाला. वरून खाली उतरणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीने मात्र या शब्दाला फार आधीच घरात घेऊन त्याच्याकडून हलकीसलकी कामे करवून घेतली आहेत. केस विस्कटून, चिखलाने माखून आलेल्या पोराला आई 'काय हा अवतार!' म्हणते. आणि थोरामोठ्याचे निधन झाले, की त्याने 'अवतार संपवला' असे म्हटले जाते. एका टोकाला वरचे रूप, दुसऱ्या टोकाला आयुष्याचा शेवट; त्या दोहोंच्या मध्ये ब्रिटानियातल्या देहांची सगळी कथा मावते.

त्या देशाची उत्पत्तिकथाही अशी होती, की एका दुष्ट मांत्रिकाच्या अमरत्वाच्या रत्नाचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्यात अवघ्या जगाचे एकेक प्रतिबिंब उरले. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की एका यंत्रावर सगळी माणसे मावणार नव्हती, म्हणून एकाच देशाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवाव्या लागल्या. तंत्रज्ञांची अडचण कथाकाराने पुराणात बसवली. अटलांटिक, ग्रेट लेक्स, युरोपा, जपानमधील यामातो आणि अस्का अशी त्या तुकड्यांची नावे. प्रत्येकात तीच ब्रिटन राजधानी, तेच पुलांचे व्हेस्पर, तेच खाणींचे मिनॉक. माणसे मात्र निराळी. ग्रेट लेक्समधल्या मिनॉकला जे घडले ते अटलांटिकच्या मिनॉकला कधी कळले नाही.

परतलेला माणूस प्रथम राजधानीच्या पश्चिमेकडील पेढीपाशी गेला. पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसे. शेकडो डोक्यांवर तरंगणारी वाक्ये एकमेकांत अशी गुंतत, की कोणाचे काय तेच वाचता येत नसे. कोणी तलवारी विकायला मांडल्या आहेत, कोणी दूरच्या गावी जाणारे दार मंत्राने उघडून भाडे मागतो आहे, कोणी आपले प्रेत लुटले गेले म्हणून आक्रोश करतो आहे, आणि या गर्दीतून एखादा पाकीटमार अंग चोरून फिरतो आहे. आता तिथे तीन देह उभे होते. त्यांतला एकही हलला नाही. बहुधा त्यांचे मालक त्यांना तिथे उभे करून जेवायला गेले असावेत. त्याने पूर्वीसारखाच 'बँक' हा शब्द उच्चारला, आणि पूर्वीसारखीच पेटी उघडली. दोन दशकांत त्या देशात किती नवी बेटे आली, किती नवी शस्त्रे आली. पण पेढीवरच्या कारकुनाला तो एक शब्द अजून समजत होता.

पेटीत थोडे सोने होते, लोखंडाचे ठोकळे होते, एक खूणदगड होता आणि एक पुस्तक होते.

ठोकळ्यांवरून त्या काळची व्यवस्था आठवते. त्या देशात जन्मताना कोणाला योद्धा किंवा पुरोहित म्हणून शिक्का मिळत नसे. जो जे काम करी ते त्याला हळूहळू येऊ लागे. कुदळ मारणाऱ्याला खाणकाम, शिवणाऱ्याला शिवण, वाजवणाऱ्याला वाद्य. कोणत्याही एका कौशल्याची पूर्णता १०० गुणांची, आणि एका देहाच्या सर्व कौशल्यांची बेरीज ७००च्या पुढे जात नसे. म्हणजे नवे काही पूर्णत्वाने शिकायचे तर जुने काही विसरावे लागे. या साध्या हिशेबामुळे कोणीच स्वयंपूर्ण उरला नाही. शूराला लोहाराकडे जावे लागे, लोहाराला खाणीवाल्याकडे, मांत्रिकाला लसूण, जिनसेंग आणि काळे मोती विकणाऱ्याकडे. आपल्या गावगाड्यात बलुतेदारांची गरज ज्या प्रकारे गावाला बांधून ठेवी, तशीच ही बांधणी होती. फरक एवढाच, की येथे धंदा जन्माने ठरत नव्हता आणि तो कधीही सोडता येत होता.

रचनाकारांची महत्त्वाकांक्षा याहूनही मोठी होती. रॅफ कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक निसर्ग घडवण्याचा बेत केला होता. ससे गवत खातील, लांडगे सशांना खातील, भक्ष्य संपले तर भुकेले श्वापद गावाकडे वळेल, अशी ती साखळी. प्रत्यक्षात माणसे आत आली आणि त्यांनी जे जे हलताना दिसले ते ते मारून टाकले. ससे वाढण्यापूर्वीच संपत, लांडगे भुकेले होण्यापूर्वीच पडत. साखळीचा एकही फेरा पुरा होईना, आणि अखेर तो बेत सोडून द्यावा लागला. संपत्तीचेही तसेच. देशातील द्रव्य फिरून पुन्हा देशाला मिळावे अशी योजना होती. माणसांनी ते घरांत साठवून ठेवले. खोटे अरण्य निर्माण करून त्यात खरी माणसे सोडली, तर ती खऱ्या अरण्यात वागतात तशीच वागतात, एवढा धडा त्यातून मिळाला.

आणि भय खरे होते. गावाच्या हद्दीत 'रखवालदार' अशी हाक मारली की शिपाई प्रकट होऊन गुन्हेगाराला जागीच ठार करीत. हद्दीबाहेर हाकेला अर्थ नव्हता. खुनी माणसाचे नाव लाल अक्षरांत दिसे. अंधारात पडद्याच्या कडेला लाल अक्षरे उमटली की पळणाऱ्याच्या बोटांना खरोखरीचा घाम फुटे. मेलेला माणूस करड्या वस्त्रातले भूत होऊन भटके, त्याला जग रंगहीन दिसे, आणि त्याने काहीही म्हटले तरी जिवंतांना नुसते 'ऊऊऊ' ऐकू येई. मृतांची भाषा समजण्याचे निराळे कौशल्य होते, ते फार थोड्यांजवळ असे. भूत वैद्याच्या शोधात भटके, पुन्हा देह मिळवी आणि आपल्याच प्रेताकडे धाव घेई. तोवर ते बहुधा लुटलेले असे.

या नियमातून राजाही सुटला नाही. खेळ खुला होण्यापूर्वी, ऑगस्ट १९९७मध्ये, चाचणीच्या दिवसांत गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन देत होते. राजाला मरण नाही अशी योजना होती. परंतु यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाले होते, आणि अमरत्वाची कळ पुन्हा चालू करायची राहून गेली. गर्दीतल्या एकाने चोरून मिळवलेल्या मंत्रपत्राने तटावर आग पेटवली, राजा निःशंकपणे त्या आगीतच उभा राहिला आणि पडला. पुढे दरबाऱ्यांनी राक्षस बोलावून जमलेल्या निरपराध प्रजेवर सोडले. आठ सद्गुणांच्या देशाचा आरंभ राजहत्येने आणि सूडाने झाला, ही घटना त्या देशाच्या बखरीत पहिली नोंदली जाते. गॅरियट यांनी २००० साली संस्था सोडली. २००८ साली ते खरोखरीच्या अंतराळात जाऊन आले.

२००० सालीच आणखी एक स्थित्यंतर झाले. लुटारूंच्या भयाने माणसे देश सोडून जाऊ लागली, म्हणून व्यवस्थापकांनी त्याच भूमीची दुसरी प्रत काढली. आकाशातल्या दोन चंद्रांची नावे त्यांना दिली. ट्रॅमेल हिरवे राहिले, तिथे कोणाला दुसऱ्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध शस्त्र उचलता येईना. फेलुक्का ही जुनी भूमी. तिची झाडे निष्पर्ण झाली, रस्त्याकडेला थडगी उभी राहिली. लोक ट्रॅमेलला गेले. लोटेच्या लोटे गेले. ते गेले यात नवल नाही. रोज लुटले जाण्याची हौस कोणाला असते? तरीही जुने रहिवासी सांगतात, की त्यानंतर कोणी खाणीवर जाताना सोबत मागेनासे झाले. सोबतीची गरज भयाने निर्माण केली होती. भय गेले तेव्हा सुख आले, आणि शेजार थोडा विरळ झाला. या दोहोंपैकी काय मोलाचे, याचा निवाडा त्या देशात आजवर झालेला नाही, आणि बाहेरच्या जगातही तो कुठे झाला आहे?

पेटीतला खूणदगड आणि पुस्तक ही त्या भयाच्या दिवसांची मिळकत होती. मिनॉकजवळ, फेलुक्काच्या बाजूला, एका लोहारणीचे दगडी घर होते. ती कोण होती, कोणत्या शहरात राहत होती, खरोखर बाई होती की पुरुष, हे त्याला कधी कळले नाही, आणि विचारण्याची तिथे रीत नव्हती. आपल्या अंगणातल्या भट्टीपाशी ती उभी असे. येणाऱ्या नवख्याचे चिलखत ती फुकट दुरुस्त करी, आणि त्या बदल्यात त्याला तिथे थांबून दुसऱ्या नवख्याला डोंगराची वाट दाखवावी लागे. तिने त्याला शिकवले, की लोखंड कुठे मिळते, ते वितळवताना किती वाया जाते, कोणत्या पुलापलीकडे रात्री जाऊ नये. दीड वर्ष, आठवड्यातून तीन-चार रात्री, तो त्या भट्टीपाशी उभा राहिला. मालगोदामातल्या कोणाशीही त्याचे तेवढे बोलणे झाले नव्हते.

ब्रिटानियातील घरे आपोआप टिकत नसत. मालकाने किंवा त्याने नेमलेल्या जवळच्यांनी ठराविक मुदतीत येऊन दार उघडले नाही, तर घर झिजू लागे. दारावरच्या पाटीला स्पर्श केला की अवस्था कळे. नव्यासारखे, किंचित झिजलेले, बरेच झिजलेले, फार झिजलेले, आणि शेवटी, कोसळण्याच्या बेतात. २००१च्या हिवाळ्यात लोहारीण दिसेनाशी झाली. पहिल्या आठवड्यात त्याला काही वाटले नाही. मग पाटीवरचे शब्द बदलू लागले. ज्यांच्या दार उघडण्याने घर वाचले असते, त्या यादीत त्याचे नाव नव्हते. तशी यादी करायची तिला गरज वाटली नसावी. दाराशी उभे राहून तो रोज पाटी वाचत होता, इतकेच त्याला करता येत होते.

कोसळत्या घराची वार्ता त्या देशात गिधाडांच्या वेगाने पसरते. घर पडले की आतले सारे उघड्यावर येते, आणि ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचे. शेवटच्या रात्री अंगणात तीसएक अनोळखी माणसे जमली होती. काहींची नावे लाल होती. कोणी भट्टीवर चढून बसला होता. वाट पाहता पाहता आपसात खून पडत होते. कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय भिंती नाहीशा झाल्या. पडल्या नाहीत, आवाज झाला नाही, नुसत्या नव्हत्या. गवतावर कपाटे, ठोकळे, ऐरण, टोप्या, दिवे पडलेले दिसले आणि क्षणात माणसांखाली झाकले गेले. त्याच्या हाताला एक पुस्तक लागले. ते कोणालाच नको होते.

त्या देशात कोऱ्या पुस्तकांत लिहिता येते. लोहारणीने त्यात नवख्यांसाठी सूचना लिहिल्या होत्या. डोंगराचे कोणते कडे आधी खणावेत, कोणत्या विक्रेत्याचा भाव चढा असतो, हद्द कुठे संपते. जे गेले तर सोसवणार नाही ते पाठीवरच्या पिशवीत ठेवू नये, अशी एक ओळ होती. अर्ध्यानंतरची पाने कोरी होती. तिचे काय झाले हे तिच्या ओळखीच्या कोणालाही शेवटपर्यंत समजले नाही. आजारी पडली, नोकरी गेली, कंटाळली, लग्न झाले, वारली. यांतले काहीही असू शकेल. ज्या जगात खरी नावे नसतात तिथे शोकालाही पत्ता नसतो. मेला म्हणावे तर पुरावा नाही, गेली म्हणावे तर निरोप नाही.

परतलेल्या माणसाने मांत्रिकाच्या दुकानातून काळे मोती, रक्तशेवाळ आणि मँड्रेकचे मूळ आणले आणि खूणदगडावर स्मरणमंत्र म्हटला. 'काल ओर्ट पोर' हे शब्द डोक्यावर तरंगले. पूर्वी या मंत्राने तो तिच्या अंगणात उतरत असे. आता उत्तर आले, की ते स्थान अडलेले आहे. तो मिनॉकहून चालत गेला. भट्टीच्या जागी कोणा दुसऱ्याचे मोठे घर उभे होते, नव्या धाटणीचे, मालकाने हवे तसे रचलेले. दारात बाहुला-विक्रेता होता. पाटीवर अनोळखी नाव होते. घर नीटनेटके होते. त्याच्या स्वतःच्या घराची जागा तिथून हाकेच्या अंतरावर. तिथे गवत होते आणि एक हरीण चरत होते. ते घर कधी पडले, त्या रात्री अंगणात कोण जमले होते, कोणी काय उचलून नेले, हे सांगायला तिथे कोणी नव्हते.

सुटीत घरी आलेल्या मुलीने त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "इथे करायचं काय असतं?" त्याने लोहाराच्या भट्टीविषयी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. तिला ऐरणीवर उभ्या असलेल्या एका बुटक्या चित्राखेरीज काही दिसत नव्हते, आणि त्यात तिची चूक नव्हती.

भारतीय दर्शनांत मिथ्या वस्तूच्या दृष्टांतासाठी गंधर्वनगरी वारंवार येते. संध्याकाळच्या ढगांत दिसणारे, प्राकार-गोपुरांसह भासणारे आणि पाहता पाहता विरणारे नगर. अद्वैतमताने सत्तेचे तीन स्तर मानले. दोरीवर सर्प दिसतो तो प्रातिभासिक, दोरी व्यावहारिक, आणि ब्रह्म पारमार्थिक. या मांडणीत ब्रिटानिया कुठे ठेवावी? लोखंडाचे ठोकळे निःसंशय प्रातिभासिक. संगणकातील वीज, ती यंत्रे, दर महिन्याची वर्गणी व्यावहारिक. पण दीड वर्ष रात्रीमागून रात्री एका माणसाने दुसऱ्याला विनामोबदला शिकवले, त्या शिकवण्याला कोणत्या स्तरावर बसवायचे? भासातल्या सर्पाने कोणी मरत नाही, असे म्हणतात. त्याला भिऊन पळताना पडलेल्याचे हाड मात्र खरेच मोडते. ऐरण खोटी होती, हे मान्य करूनही तिच्यापाशी घडलेली कृपा खोटी ठरत नाही.

याच न्यायाने गमावलेलेही खरे धरावे लागते. त्या रात्री खरोखरीच्या आयुष्यातून वजा झाल्या होत्या. ज्या वयात माणूस शिकतो, फिरतो, घर जोडतो, त्या वयातले सहा-सात वर्षांचे जागरण कोणी परत देणार नाही. जुने रहिवासी हा हिशेब जाणतात. त्यांतले काही तो कडवटपणे मांडतात, काही मांडायचे टाळतात. जमेच्या बाजूला दाखवण्याजोगी वस्तू त्यांच्यापाशी नसते, कारण त्या देशातून बाहेर काही आणता येत नाही.

पुस्तक देशातच ठेवायचे म्हटले, तर त्यालाही नियम आडवा येतो. उघड्यावर ठेवलेली वस्तू थोड्या वेळात नाहीशी होते; जपायची तर ती कोणाच्या तरी घरात हवी, आणि घर वर्गणीदाराचे असते. म्हणून आजही जे थोडे लोक तिथे दर महिन्याला पैसे भरतात, त्यांच्यापैकी अनेकांचे खेळणे कधीच संपले आहे. ते राखण करतात. त्यांच्या घरांत निघून गेलेल्या सोबत्यांचे झगे, पताका आणि हस्तलिखिते मांडून ठेवलेली असतात. बाहेर काही हौशी लोकांनी स्वतःच्या यंत्रांवर ब्रिटानियाच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत, आणि तिथे गर्दीही होते. पण प्रतिकृतीत भूमी येते, या वस्तू येत नाहीत.

शेवटी एक दिवस असा येईल, की हिशेब जुळणार नाही आणि यंत्रे थांबवली जातील. त्या नगराचे अवशेष राहणार नाहीत. खापर नाही, जोते नाही, पिंपळ रुजायला फटही नाही. इतिहासकाराला त्याची तारीख सापडेल, त्याची वर्गणी किती होती हे सापडेल, राजा कसा मेला हेही सापडेल. भट्टीपाशी कोण उभे होते ते सापडणार नाही. पुस्तक अजून त्या माणसाच्या पेटीत आहे. त्याने मासिक वर्गणी पुन्हा सुरू केली आहे. तिच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, जिथे हरीण चरत होते तिथे, एक लहान दगडी घर उभे राहिले आहे. त्या बाजूला आता नवखे क्वचितच येतात. जो येईल त्याच्यासाठी मागच्या कोऱ्या पानांवर नव्या वाटा लिहिण्याचे काम चालू आहे.